वच्छलाआत्याचा बेडूक

आमची वच्छलाआत्या लोकांना तोंडं वेडावते. भरदिवसा, चारचौघांत, ओळख ना पाळख अशा माणसांना. आणि वय विचाराल तर साठी उलटलेली.

बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाने सहज मागे वळून पाहावं, तर त्याला काय दिसावं? पांढऱ्या केसांची, इस्त्रीचं सुती पातळ नेसलेली एक बाई त्याच्याकडे पाहून नाक आक्रसते आहे. तो बिचारा पुढे तोंड करतो आणि हळूच आपल्या शर्टाचा वास घेऊन पाहतो. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी त्या रांगेत आत्याच्या मागेच उभी होते आणि आपली-तिची ओळख नाही असं दाखवत होते.

एकदा अकोल्याच्या गाडीत तिने कंडक्टरकडे पाहून एक डोळा मिटला. चुकून नाही. मिटला, उघडला, पुन्हा मिटला, असं चांगलं बराच वेळ. तो माणूस जो मागच्या सीटपाशी गेला तो पुढे यायलाच तयार नाही. शेवटी तिकीट घ्यायला आत्याच उठून त्याच्याकडे गेली, तर तो म्हणाला, "मावशी, मी लग्न झालेला माणूस आहो."

आणि आमचे एक लांबचे काका वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला तर कहरच केला. बुद्धवंदना झाली, लोक खाली माना घालून बसलेले, एक गृहस्थ उभे राहून काकांचे गुण सांगत होते. आत्याने गाल फुगवले. टम्म फुगवले आणि डाव्या बाजूने हवा सुटली, फुस्स! बोलणारे थांबले. त्यांनी आत्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि 'एवढं बोलून मी थांबतो' म्हणाले. बाबा सांगतात की नंतर दोन-तीन जणांनी आत्याचे आभार मानले. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी असेल. वेडी असती तर मी एवढी चिडले नसते. चांगली शहाणी आहे, म्हणून तर संताप येतो!

झालं होतं असं की काही वर्षांपूर्वी थंडीतल्या एका सकाळी ती मूर्तिजापूरच्या घरी उठली, चहाचा घोट घेतला आणि तो चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून खाली पातळावर सांडला. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड उतरलेलं. डोळा मिटत नाही, भुवई हलत नाही. गल्लीत लगेच 'वारं लागलं, वारं लागलं' सुरू झालं. एक जण तर कबुतराचं रक्त चोळायला सांगत आला. आत्याने त्याला कबुतरासकट हाकलून दिलं आणि सरळ दवाखाना गाठला. गोळ्या झाल्या, शेक झाला आणि मग तिथल्या मॅडमनी तिला चेहऱ्याचे व्यायाम शिकवले.

ते व्यायाम म्हणजे ही तोंडं. मॅडमनी त्यांची काय डॉक्टरी नावं सांगितली असतील ती असोत, आत्याने आपली नावं दिली. भुवया वर करायच्या, त्याचं नाव 'कोण आलं'. नाक आक्रसायचं, ते 'वास आला'. ओठांचा चंबू म्हणजे 'चिमणी', दात दाखवायचे ते 'माकड' आणि गाल फुगवायचे तो 'बेडूक'. डोळा मिटायला लागला, भुवईही हलायला लागली. राहिला तो ओठांचा डावा कोपरा. तो काही उचलेना. म्हणून हसली की हसू अर्धंच, आणि बेडूक केला की डावीकडून फुस्स.

मॅडमनी व्यायाम आरशासमोर करायला सांगितले होते. आत्याने आरसा कपाटामागे उलटा करून ठेवला. "आरशाले काय समजते?" ती म्हणते. "आपलं तोंड कसं हाये ते समोरच्याच्या तोंडावर दिसते." म्हणून ती माणसांसमोर व्यायाम करते. आणि व्यायाम झाला की जो कोणी ओळखीचा हाताशी सापडेल त्याच्यापुढे हसून दाखवते आणि विचारते, "उचलला का, सांग बरं?"

बाबा तिचे धाकटे भाऊ. ते दर वेळी सांगतात, "हो बाई, जरासा उचलला." आमच्या शेजारच्या काकूही सांगतात, "खूपच फरक हाये." मी सांगत नाही. मला खोटं बोलता येत नाही, आणि शिवाय चीडही आलेली असते. मी म्हणते, "नाही उचलला." आत्या एकदम खूश होते. "हे पोट्टी खरं बोलते," ती बाबांना सांगते, "बाकी तुमी सारे लबाड."

आता हिला त्या एका कोपऱ्याची एवढी काय पडली आहे? सांगते. आत्या जन्मभर अंगणवाडीत होती. मूर्तिजापूरच्या त्या एका खोलीत तिने किती पोरं जेवायला घातली त्याचा हिशेब नाही. न जेवणाऱ्या पोरासमोर ती माकड व्हायची, चिमणी व्हायची, पोरगं आ वासून बघत राहायचं आणि घास आत जायचा. रडणारं लेकरू तिच्यासमोर आणून ठेवलं की गप्प व्हायचं, अशी तिची ख्याती. आणि आता तिच्या स्वतःच्या लेकाला, पुण्याच्या सुशीलला, मुलगी झाली. मैत्री नाव ठेवलं. बाळ-बाळंतीण माहेरी असताना आत्याला टायफॉइड झाला, मग हे, मग ते, भेट काही झाली नाही. सगळं फोनवर. आणि मैत्री माणसं ओळखायला लागली तशी फोनवर आजीचं तोंड दिसलं की भोकाड पसरायची.

सुशीलची बायको स्नेहल स्वभावाने चांगली आहे. ती आत्याला वाईट वाटू नये म्हणून फोन पटकन दुसरीकडे वळवते आणि म्हणते, "आई, नेटवर्क जातंय." फोन वळतो तो छताकडे. आत्या पदराने डावा गाल झाकून पाहत बसते. "दर रविवारी पुण्याचा पंखा पाह्यतो आमी," तिने एकदा मला सांगितलं. "चांगला पंखा हाये. तीन पात्याचा."

हे सांगताना ती हसली आणि विचारलं, "उचलला का?" मी नाही म्हणाले.

तर हे असं सगळं असताना मध्ये माझं नाक आलं.

माझं नाक मला आवडत नव्हतं. मधे उंचवटा, शेंडा खाली वळलेला. मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे, स्वतःचं कमावते, एकटीच्या निर्णयाने नागपूरला जाऊन नाकाचं ऑपरेशन करून आले. बस, एवढीच गोष्ट. पण अमरावतीत ही एवढीच गोष्ट राहत नाही. मी घरी येऊन पडले, नाकावर पांढरं प्लास्टर, दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, आणि दुसऱ्या सकाळपासून बिस्किटांचे पुडे आणि केळी घेऊन माणसं पाहायला यायला लागली. पाहायला म्हणजे खरोखर पाहायला! समोर खुर्ची ओढून बसायची आणि पाहायची. "लग्न जमलं वाटते?" एक. "नाही जमून राहिलं म्हणून केलं काय?" दुसरी. "आधीचं काय वाईट होतं बापा?" ही तिसरी, जिने आधीच्या नाकाला जन्मभर नावं ठेवली. आणि एक बाई तर प्लास्टरकडे निरखून पाहत म्हणाल्या, "मले तं काही फरक दिसून नाही राहिला." अहो, प्लास्टर आहे ते! त्याच्या आत आहे नाक!

हे मी ओरडून म्हणू शकत नव्हते. कारण डॉक्टरांनी बजावलेलं, मोठ्याने हसायचं नाही, नाक आक्रसायचं नाही, कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत, वरचा ओठ फार हलवायचा नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. थोडक्यात, राग आला तरी चेहऱ्यावर आणायचा नाही. मला! माझ्यासारखीला!

आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी. बाबांना रक्ताचा थेंब दिसला तरी घेरी येते. म्हणून वच्छलाआत्या न बोलावता मूर्तिजापूरहून पिशवी घेऊन आली. दारातूनच मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि भांडण सुरू केलं.

"काहून केलं हे?"

"माझं नाक आहे," मी ओठ न हलवता म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणला?"

बाबांनी सगळे नियम सांगितले. हसू नको, आक्रसू नको, फुगवू नको. आत्या ऐकत गेली तसा तिचा उजवा गाल लाल होत गेला.

"म्हणजे मले जे जे कर म्हणलं, थे सारं हिले करू नको म्हणलं! मी इतके वर्सं झाले या एका कोपऱ्यासाठी मरून राहिली, आन् ही चालतं-बोलतं तोंड बंद करून आली. पैशे देऊन! हे काय बरोबर हाये का, तूच सांग बंडू!"

बंडू म्हणजे बाबा. ते चहा ठेवतो म्हणून आत गेले.

मग आमचं जे भांडण झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ती भुवया, नाक, गाल सगळं उडवत भांडते आहे आणि मी उशांच्या उतरंडीला टेकून, दगडासारखी, ओठांच्या फटीतून एकेक शब्द सोडते आहे. भांडणात अर्धं काम चेहरा करतो हे मला तेव्हा कळलं. मी म्हणत होते, 'तुला कोणी बोलावलं नाही, तू परत जा,' आणि ऐकणाऱ्याला वाटावं मी पाणी मागते आहे. आत्याने मला पाणी आणून दिलं.

गेली नाहीच ती. राहिली, आणि राज्य करायला लागली. मिरचीच्या खकाण्याने मला शिंक येईल म्हणून फोडणी अंगणात चुलीवर. मला मऊ वरणभात, आणि माझ्यासमोर बसून ती आणि बाबा भाकरीशी ठेचा खाणार. नाक बंद असल्यामुळे मला त्या ठेच्याचा वासही येत नव्हता, याचा तर मला फारच राग आला. चष्मा नाकावर ठेवायचा नाही, तर तिने चष्म्याला चिकटपट्टी लावून तो माझ्या कपाळालाच चिकटवून टाकला. मी जरा जोरात श्वास घेतला की ती स्वयंपाकघरातून धावत यायची, "आ कर! आ कर! शिंक हाये!" शिंक नसायची. मी सुस्कारा सोडत असायचे.

आणि हे सगळं कमी पडलं म्हणून रोज सकाळी माझ्यासमोर खुर्ची मांडून बसायची आणि सगळी तोंडं करायची. कोण आलं, वास आला, चिमणी, माकड, बेडूक, फुस्स. आता सांगा, मला हसायची बंदी! टाके ओढले जातील, नाक वाकडं होईल, आणि समोर ही बेडूक होऊन बसली आहे. मी डोळे मिटून घ्यायचे तर म्हणायची, "डोये उघड. मले पाहू दे."

"दुसऱ्या कोणासमोर कर ना," मी म्हणाले.

"काहून? तूच बरी हायेस. बाकीच्यायच्या तोंडावर दया येते माझ्यासाठी. पाह्यली की माझं अंग जळते. तुह्या तोंडावर तं आता काहीच येऊ शकत नाही."

मी डोळे उघडे ठेवले.

त्याच आठवड्यात सुशील, स्नेहल आणि मैत्री येणार होते. स्नेहलच्या भावाचं लग्न होतं अकोल्याला. आधी लग्न उरकून मग आमच्याकडे यायचं ठरलं होतं, पण आत्याने फोन करकरून त्यांना आधी अमरावतीला यायला लावलं. मला वाटलं, नातीला पाहायची घाई झाली असेल. साहजिकच आहे. मी तर मनातल्या मनात तिला जरा माफ करत आले होते.

मग बाबांच्या तोंडून निघालं. ते माझ्या डोळ्यांवर थंड पट्ट्या ठेवत होते आणि बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टर काही ऐकले नाहीत बरं का बाईचं."

"कोणतं?"

"तिनं फोन केला होता ना दवाखान्यात. प्लास्टर अजून दोन दिवस ठेवता येईन का म्हणून. ते नाही म्हणाले, म्हणून मग सुशीललाच आधी बोलावलं."

माझ्या नाकावरचं प्लास्टर! आत्याने फोन करून! मी पट्ट्या काढून फेकल्या आणि तिला हाक मारली. ती हात पुसत आली. मी विचारलं, का? आधी म्हणाली, असंच. मग म्हणाली, घाई कायले करायची, चांगलं सुकू द्यावं. मी तिच्याकडे नुसती पाहत राहिले. या एका कामाला माझा चेहरा तेव्हा फार उपयोगी होता. शेवटी ती पलंगाच्या कडेला बसली.

"लेकरू दारातून आलं की पयले तुह्याकडे पाहीन," ती म्हणाली. "तुहं तोंड सुजलेलं, डोये काये, मधात ते पांढरं. घाबरायचं ते तुले पाहून घाबरीन. रडायचं ते रडून घेईन. मंग माझ्याकडे आलं की... माझं तोंड बरं वाटीन त्याले."

म्हणजे मला शेतातलं बुजगावणं म्हणून बसवणार होती! मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सगळं एका सुरात, ओठांच्या फटीतून. माझी दुखणी घेऊन तू धंदा मांडलास, तू माझी सेवा करायला आलीस की तुझी सोय बघायला, आणि लहान लेकराला मुद्दाम घाबरवणारी तू कसली अंगणवाडीवाली. शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. आत्याने पदर उचलून डावा गाल झाकला. घरात ती तसा कधी झाकत नसे.

मग जाता जाता म्हणाली, "एकदा हासलं असतं नं ते मले पाहून, तं मी मंग कोणालेच इचारलं नसतं."

मला आठी घालायची बंदी होती, रडायची नव्हती. पण रडलं की नाक वाहतं आणि नाक शिंकरायची बंदी. सगळीकडून बांधून ठेवलं होतं मला.

ज्या दिवशी ती मंडळी येणार होती त्या सकाळी बाबा बडनेरा स्टेशनवर त्यांना आणायला गेले. आत्या पहाटेपासून उठून बसलेली. माझ्याशी बोलत नव्हती, पण काम सगळं करत होती. मी आपली आतल्या खोलीतून उठले आणि बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या दिवाणावर जाऊन बसले. चष्मा कपाळाला चिकटवलेला, प्लास्टर पुढे. आत्याने पाहिलं.

"इथं कायले बसली?"

"बसले," मी म्हणाले. "पहिली मी दिसायला पाहिजे ना?"

तिने माझ्या पाठीमागे एक उशी आणून ठेवली आणि स्वतः दाराआड, डाव्या गालावर पदर घट्ट धरून उभी राहिली. अर्धा चेहरा, एक डोळा, एवढीच आत्या दिसत होती. सगळ्या शहराला तोंडं वेडावणारी बाई लेकाच्या घरची माणसं येतात म्हणून दाराआड उभी! मला तिचा इतका राग आला की काय सांगू.

रिक्षा थांबली. बॅगा आल्या, सुशील आला, स्नेहल आली आणि स्नेहलच्या कडेवर मैत्री. दाराआडून आत्याने एक पाऊलही पुढे टाकलं नाही. मैत्रीने खोलीभर पाहिलं आणि नजर माझ्यावर येऊन थांबली. आम्ही सगळे तिच्या रडण्याची वाट पाहत होतो. आत्याचा दिसणारा डोळा माझ्या आणि मैत्रीच्या मधे फिरत होता.

मैत्री रडली नाही. तिला मी आवडले! पांढरं प्लास्टर, कपाळाला लटकलेला चष्मा, काळेनिळे डोळे, असलं काही तिने पुण्यात पाहिलं नसावं. ती दोन्ही हात पसरून माझ्याकडे झेपावली आणि सुशीलने, काही विचार न करता, तिला घेऊन माझ्या मांडीवर ठेवलं. "घे ताई, तुझ्याकडे यायचंय तिला." मी दोन्ही हातांनी तिला धरलं. पहिल्या झटक्याला तिने चष्मा ओढला, चिकटपट्टीसकट. मी 'अगं' म्हणाले. दुसऱ्या वेळी तिचा हात सरळ प्लास्टरवर. एक कड बोटांत धरली आणि ओढायला लागली. सोडावं तर ती मांडीवरून पडणार, मान मागे घ्यावी तर ती प्लास्टरला लटकणार. ओरडावं तर ओठ हलवायचा नाही. मी नुसती "सुशील, सुशील" असं पुटपुटत होते आणि सुशील म्हणतोय, "बघ किती लवकर रमली!"

आणि आत्या धावली. पदर कुठे गेला तिला कळलंच नाही. माझ्या शेजारी दिवाणावर धपकन बसली आणि मैत्रीच्या समोर तोंड आणून तिने भुवया उडवल्या. कोण आलं!

मैत्री तिच्याकडे वळली. हात प्लास्टरवरच. खालचा ओठ बाहेर यायला लागला.

"आई, राहू दे," सुशील म्हणाला. स्नेहल मैत्रीला घ्यायला पुढे आली.

आत्याने दोघांकडे पाहिलंही नाही. तिला माझं नाक सोडवायचं होतं. वास आला! चिमणी! माकड! एकामागून एक, अंगणवाडीत करायची तशी, पूर्ण जोर लावून, वाकडं तर वाकडं. मैत्रीचा ओठ थरथरत होता, डोळे भरले होते. मग बेडूक. गाल टम्म फुगले आणि डाव्या कोपऱ्यातून हवा सुटली, फुस्स!

मैत्रीचा ओठ तिथेच थांबला. तिने प्लास्टर सोडलं. आत्याच्या त्या डाव्या कोपऱ्याकडे बारकाईने पाहिलं आणि एक बोट पुढे करून तिथे टेकवलं, जिथून आवाज आला तिथे.

आत्या हललीच नाही. मग तिने हळूच गाल फुगवले. फुस्स. हवा मैत्रीच्या बोटावर आली. मैत्रीने बोट मागे घेतलं, बोटाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि खदखदून हसली.

पुन्हा बोट. पुन्हा फुस्स. पुन्हा हसू. ते पोरगं पोट धरून हसावं तसं हसत होतं, आणि आत्या तिला आपल्या मांडीवर घेऊन, उजव्या डोळ्यातून पाणी, डाव्या डोळ्यातून पाणी, बेडूक करत होती. आणि मी, जिने इतके दिवस दगड होऊन काढले होते, ती मी हसले. मोठ्याने. सगळे दात दिसतील असं. टाके असे चरचरले की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि नाकातून रक्ताचा एक थेंब खाली आला. तो पाहून दारात बॅग घेऊन उभे असलेले बाबा बॅगेवरच बसले.

"हासू नको!" आत्या माझ्यावर ओरडली. "नाक वाकडं होईन! आ कर! बंडूले पाणी द्या कोणी तरी!" आणि लगेच मैत्रीकडे वळून, फुस्स.

नाक वाकडं झालं नाही. डॉक्टरांनी प्लास्टर काढलं, सूज उतरली, आता सगळं ठीक आहे. लोक म्हणतात, आधीचं बरं होतं. म्हणू देत.

त्यानंतर आत्याने बँकेच्या रांगेत तोंडं वेडावणं बंद केलं. अमरावती-अकोल्याची माणसं सुटली एकदाची. 'उचलला का' हेही विचारेना. आता रविवारी पुण्याचा पंखा दिसत नाही. मैत्री फोनच्या काचेवर बोट टेकवून बसते आणि फुस्स झाल्याशिवाय फोन बंद करू देत नाही. स्नेहल सांगते, जेवताना रडली तरी हाच उपाय आहे, आजीला फोन लावायचा.

परवा आत्या आमच्याकडे आली होती. रविवार होता. फोन झाला, चहा झाला, आणि एवढ्या महिन्यांनी तिने मला एकदम हळू आवाजात विचारलं, बाबांना ऐकू जाणार नाही असं.

"खरं सांगजो. आता फोनवर हासली नं मी, तं हा कोपरा जरासा वर वढल्यासारखा वाटला मले. उचलला का?"

"उचलला तर चांगलंच आहे की."

"चांगलं काय त्याच्यात?" ती भडकली. "कोपरा नीट झाला, तोंड गच्च बंद झालं, मंग हवा कुठून जाईन? लेकरू बोट लावून बसते तिथं! तू पाह्य बरं नीट."

आणि ती हसली. मी खिडकीच्या उजेडात तिला नीट पाहिलं. उजवा कोपरा वर गेला. डावा थरथरला आणि मग, दोऱ्याएवढा का होईना, पण वर उचलला. माझ्या डोळ्यांसमोर.

"नाही," मी म्हणाले.

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही उचलला."

"बरं झालं माय," आत्या म्हणाली, कोपऱ्यावर आलेला चहा तिने पदराने पुसला आणि दोन्ही गाल फुगवून पाहिले.